ओळखीतून हुसेनचं ड्रॉइंग मिळतंय, घ्यावं का? खोटं चित्र कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घोडबंदर रोडला नवीन घर झालंय, हॉलच्या मोठ्या भिंतीवर एखादं नाव असलेलं चित्र हवंय, दोन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. ओळखीच्या एका काकांकडे एम. एफ. हुसेन यांचं घोड्याचं ड्रॉइंग आहे, ते पावणेदोन लाखांत द्यायला तयार आहेत, सोबत सर्टिफिकेट आहे. घ्यावं का, खोटं असेल तर कसं कळणार, आणि हे नको तर मग कुठून घ्यायचं? शिवाय जाता जाता विचारलंयत की मावशींच्या घरी राजा रविवर्म्याचं चित्र आहे, त्याचं काय.

काकांचं ड्रॉइंग, आत्ता जेवढं सांगितलंयत तेवढ्यावर, घेऊ नका. मावशींचं चित्र मात्र कुणाला फुकट देऊन टाकू नका. आता बाकीचं सविस्तर, थोडं लांबेल.

मी चित्रकार नाही आणि समीक्षकही नाही. नौपाड्यात माझं फ्रेम करायचं दुकान आहे, सव्वीस वर्षं हेच काम करतोय. लोक चित्र पुढून बघतात, मी मागून बघतो. आणि सांगतो, पाठ फार बोलते. जुन्या कॅनव्हासची मागची लाकडी चौकट काळवंडलेली असते, कोपऱ्यात पाचरी असतात, कॅनव्हास खिळ्यांनी ठोकलेला असतो आणि खिळ्याभोवती गंजाचा डाग कापडात उतरलेला असतो. एखादं चित्र १९५५ सालचं म्हणून दुकानात येतं आणि मागे चकचकीत स्टेपल पिना दिसतात, तेव्हा मी चहा मागवतो आणि गप्प बसतो. कारण नंतर कुणी कॅनव्हास नव्याने ताणून घेतला असण्याचीही शक्यता असते, आणि तसं असेल तर जुन्या खिळ्यांची भोकं कडेला दिसायला हवीत. भोकंही नसली तर मग विचारतो, "कुठून घेतलंत?"

पण पाठ बघूनही माणूस फसतो, आणि त्याचं उदाहरण मीच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका माणसाने मला धुरंधरांचं म्हणून एक जलरंगातलं छोटं रेखाटन आणून दाखवलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जुने नामवंत चित्रकार धुरंधर, म्हणजे माझ्यासारख्याला देवच. घरातलं आहे, आजोबांना भेट मिळालं होतं, मुलीच्या लग्नासाठी काढतोय, वगैरे. फ्रेम जुनी, बर्मा सागवानाची, हाताने काढलेलं बीडिंग, काच थोडी लहरी, अशी आता बनत नाही. त्या फ्रेमवर मी इतका भाळलो की उघडून बघितलंच नाही. बावीस हजार मोजले. दोन पावसाळे गेले, आतून काचेला ओल धरली म्हणून शेवटी उघडलं. माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवतात ती खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, काढला आणि बसलोच.

जुन्या कागदावर माउंटच्या खिडकीतून उजेड लागलेला भाग एका रंगाचा होतो आणि माउंटखाली झाकलेला भाग वेगळ्या रंगाचा राहतो. शिवाय जुने माउंट आम्लयुक्त पुठ्ठ्याचे असायचे, त्यामुळे खिडकीच्या कडेने कागदावर एक तपकिरी रेघ उमटते. माझ्या कागदावर यातलं काही नव्हतं. पुढून, मागून, माउंटखाली, सगळीकडे एकसारखा तपकिरी. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद असाच दिसतो. फ्रेम अस्सल, आतलं चित्र बनावट. ते रेखाटन अजून दुकानात आतल्या बाजूला, पाण्याच्या पिंपाच्या वर टांगलेलं आहे. फ्रेम मी काढून घेतली, ती विकायचा धीर होत नाही.

तर, घरी करण्यासारख्या तपासण्या आहेत, पण त्यांची लायकी ओळखून करा. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, त्याखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ते छापील आहे. आजकाल कॅनव्हासवर डिजिटल प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारतात. बोट फिरवलं की खडबडीत लागतं आणि घेणारा खूश. भिंगाखाली बघा, फटकारे एका दिशेला चाललेत आणि खालचा रंग भलतीकडेच. नोटा तपासायचा जांभळा-निळा दिवा असतो ना, तोही उपयोगी आहे. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालू लागले, ते या दिव्याखाली निळसर चमकतं. चित्रावर १९३० लिहिलंय आणि कागद ट्यूबलाइटसारखा पेटला तर विषय संपला. पण चमकला नाही म्हणून खरं, असं मात्र म्हणता येत नाही. या सगळ्या चाचण्या खोटं पकडतात, खरं सिद्ध करत नाहीत.

रंगांची प्रयोगशाळेतली तपासणी याच जातीची. टायटॅनियम पांढरा रंग बाजारात आला तो १९२०च्या आसपास. जर्मनीतल्या बेल्ट्राकी नावाच्या पट्टीच्या नकलाकाराने १९१४ सालचं म्हणून खपवलेल्या चित्रात तोच पांढरा सापडला आणि त्याची साखळी तुटली, २०११ मध्ये शिक्षा झाली. पण हुसेन यांच्या बाबतीत हे शस्त्र बोथट आहे. पंढरपूरचा हा माणूस २०११ पर्यंत जगला आणि अगदी शेवटपर्यंत काम करत होता. त्यांनी वापरलेला रंग आणि कागद आजही दुकानात मिळण्यासारखा. नकला करणाऱ्याला इतिहासात जावंच लागत नाही, स्टेशनरीच्या दुकानात गेलं की झालं. त्यात हुसेन कधी देवनागरीत सही करत, कधी उर्दूत, कधी इंग्रजीत, आणि ड्रॉइंग्ज तर ढिगाने केली. घोडा त्यांचा एवढा ओळखीचा की कला महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा मुलगा तीन रेषांत काढून दाखवेल. म्हणून काकांच्या ड्रॉइंगकडे तुम्ही कितीही निरखून बघितलंत, मी बघितलं, तरी निकाल लागणार नाही.

नजरेवर किती विसंबायचं याचं एक उदाहरण देतो. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत सय्यद हैदर रझा यांच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला खुद्द रझा आले, वय ८६. भिंतींवर बघतात तर आपल्या नावाने लावलेली चित्रं आपली नाहीतच. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. चित्रकार जिवंत होता, दारात उभा होता, म्हणून कळलं. आता रझा नाहीत, हुसेन नाहीत, सूझा नाहीत, गायतोंडे नाहीत. विचारायला जायचं कुणाकडे?

मग उरतो कागद. चित्राचा नव्हे, चित्रासोबतचा. चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून तुमच्या भिंतीपर्यंत ते कुणाकुणाकडे होतं, याची साखळी. पहिलं बिल, प्रदर्शनाचा कॅटलॉग, गॅलरीचं मागे चिकटवलेलं लेबल आणि त्यावरचा स्टॉक नंबर, जुना फोटो ज्यात ते चित्र कुणाच्या तरी घरात टांगलेलं दिसतंय. साखळीतली एखादी कडी नसेल तर चालतं, जुन्या घरांत बिलं कोण ठेवतो. पण आहे ती कडी फोन करून तपासता आली पाहिजे. लेबल असेल तर त्या गॅलरीला नंबर सांगून विचारा. लेबलंही छापली जातात.

आणि सर्टिफिकेट. त्यावर सही कुणाची आहे ते आधी बघा. दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्यांना हेच माहीत नसतं. सोनेरी किनार, उठावाचा शिक्का, खाली एखाद्या "आर्ट कन्सल्टंट"ची वळणदार सही. असलं सर्टिफिकेट गोखले रोडवर कुठल्याही डीटीपीवाल्याकडे अर्ध्या तासात छापून मिळेल, लॅमिनेशनसकट. आपल्याकडे चित्राच्या फोटोच्या मागे चित्रकाराने स्वतः सही करून देण्याची पद्धत होती, त्याला थोडा अर्थ आहे. पण जो चित्र खोटं काढू शकतो त्याला फोटोमागची सही काय जड?

विकणाऱ्याची गोष्ट कान देऊन ऐका. "मलबार हिलच्या एका जुन्या घराण्यातलं आहे, नाव सांगता येणार नाही" हे वाक्य ऐकलंत की उठायचं. न्यूयॉर्कची नोडलर गॅलरी १८४६ पासूनची, तिथल्या धनिकांचा विश्वास तिच्यावर. तिने रॉथको, पोलॉक वगैरे बड्या अमेरिकन चित्रकारांच्या नावाची खोटी चित्रं सुमारे ८ कोटी डॉलरला विकली. ती चित्रं आणणारी बाई सांगायची ते हेच, की एक संग्राहक आहे, त्याला नाव पुढे येऊ द्यायचं नाही. प्रत्यक्षात ती चित्रं न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातला एक चिनी चित्रकार आपल्या घरी काढत होता. पोलॉक यांच्या नावाच्या एका चित्रावर तर सहीत आडनावाचं स्पेलिंगच चुकलेलं होतं, तरी ते खपलं! २०११ मध्ये गॅलरी बंद झाली. म्हणजे गॅलरीचं वय आणि थाट बघून डोळे मिटायचे नाहीत, हेही त्यात आलं.

आता काकांच्या किमतीचं बघू. सॅफ्रनआर्ट, पंडोल, अस्तागुरू या लिलाव करणाऱ्या संस्था आपापल्या जुन्या लिलावांचे निकाल संकेतस्थळावर ठेवतात. तिथे हुसेन, कागदावरचं काम, साधारण तेवढाच आकार, असं शोधा आणि पाच-सहा विक्रीच्या किमती वहीत लिहून काढा. काकांचा भाव त्याहून बराच कमी असेल तर स्वतःला विचारा, की त्यांनी ते लिलावाला का नाही दिलं? ते भले गृहस्थ असतील. बहुतेक वेळा असतातच. त्यांनाही कुणीतरी ते ओळखीतूनच दिलेलं असतं. खोटी चित्रं चांगल्या माणसांच्या घरांतूनच फिरतात, म्हणून तर खपतात.

कुठून घ्यायचं, याबद्दल. ठाण्यात "आर्ट गॅलरी" अशी पाटी लावलेली दुकानं आहेत, त्यातली बरीचशी घराच्या सजावटीचा माल विकतात. सोफ्याच्या रंगाला जुळणारं चित्र हवं असेल तर खुशाल घ्या, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. नवी मुंबईतही वेगळं काही नाही. नाव असलेल्या, हयात नसलेल्या चित्रकारासाठी मुंबईतच जावं लागतं. पंडोल १९६३ पासून आहे. केमोल्ड ही गॅलरीही १९६३ पासूनची, आणि तिच्याबद्दल मला विशेष माया, कारण ती आमच्या धंद्यातून जन्मली. केकू गांधी यांचा मूळ व्यवसाय फ्रेमचा. फ्रेमच्या दुकानात तरुण चित्रकारांची चित्रं मांडता मांडता पुढे जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उभी राहिली. (मीही अधूनमधून शोकेसमध्ये एखाद्या मुलाचं चित्र लावतो. अजून तरी गॅलरी झालेली नाही.)

जहांगीरबद्दल एक गैरसमज काढून टाका. "हे जहांगीरला लागलं होतं" असं सांगून लोक चित्र विकतात. जहांगीरचे हॉल चित्रकार भाड्याने घेतात, आठवडाभराचं प्रदर्शन असतं, जागा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तिथे लागणं मानाचं आहेच. पण जहांगीर त्या चित्राची विक्रेती नसते आणि ते अस्सल असल्याची हमी देत नाही. केमोल्डसारखी गॅलरी ठरावीक चित्रकारांचं काम वर्षानुवर्षं सांभाळते, नोंदी ठेवते, उद्या काही निघालं तर तिच्या दारात जाता येतं. दोन्हींना आपण गॅलरीच म्हणतो, घोळ तिथे होतो.

लिलावात घेणार असाल तर चित्राच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. नुसतं चित्रकाराचं नाव असणं आणि नावाआधी "ॲट्रिब्युटेड टू" (म्हणजे त्याचं असावं असा नुसता अंदाज) असणं यात जमीन-अस्मानाचा फरक. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र कुठल्या अवस्थेत आहे त्याचा लेखी अहवाल, मागा, मागितला की देतात. आणि हातोडा पडला त्या भावावर संस्थेचं कमिशन आणि कर वेगळा चढतो, तो धरूनच बोली लावा.

पण तुमच्या दोन लाखांत मी काय केलं असतं ते सांगू? एखाद्या रविवारी ठाण्याहून फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरलो असतो, पंधरा-वीस मिनिटं चालत काळा घोडा, आणि जहांगीरचे सगळे हॉल बघितले असते. तिथे चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोला, चित्र आवडलं तर तिथेच घ्या, मागे त्याच्या हाताने नाव, साल, माध्यम लिहून घ्या, चित्राशेजारी उभं करून फोटो काढा. बनावटीचा प्रश्नच मिटला! दोन लाखांत चांगल्या, अनुभवी चित्रकाराचं मोठं कॅनव्हास मिळू शकतं. कापूरबावडीला महापालिकेचं ठाणे कलाभवन आहे, तिथेही अधूनमधून डोकावत जा, आपल्याच गावातली मुलं असतात. हुसेनच हवेत असा हट्ट असेल तर त्यांची सही आणि क्रमांक असलेली सेरिग्राफ मिळतात, म्हणजे जाळीतून एकेक रंग दाबून काढलेल्या मोजक्या प्रती. खाली पेन्सिलीने १२/५० असा आकडा असतो, पन्नासांतली बारावी. गॅलरीकडूनच घ्या, आणि घेताना माउंट उचलून तो आकडा बघा. मी माउंटखाली दडवलेले आकडेही बघितलेत, कारण आकडा झाकला की प्रतीचं "ओरिजिनल" होतं.

मावशींच्या रविवर्म्याकडे येतो. ते नव्वद टक्के ओलिओग्राफ असणार, म्हणजे दगडावरून छापलेलं रंगीत चित्र. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, मग श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ मध्ये आगीत खाक झाला. त्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देवघरात होत्या. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून त्यांवर वार्निश मारत, कापडासारखा पोत उठवत, त्यामुळे घरातले लोक अगदी प्रामाणिकपणे "पेंटिंग" म्हणतात. भिंगाखाली बघा. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, दाणेदार, एकमेकांवर चढलेले दिसतात. नियमित जाळी किंवा प्रिंटरचा बारीक फवारा दिसला तर ते अलीकडचं कॅलेंडर. खाली छापखान्याचं नाव असतं, असायला हवं, पण आमच्याच धंद्यातल्या लोकांनी फ्रेममध्ये बसवायला ती पट्टी सर्रास कापली. माझ्या दुकानातही पूर्वी कापली गेली असेल, खोटं कशाला बोलू. जुनी, स्वच्छ, कडांसकटची ओलिओग्राफ चांगल्या किमतीला जाते. कुणी चित्रातल्या साड्यांवर जरीचे धागे आणि टिकल्या चिकटवल्या असतील तर त्या काढू नका, ती त्या काळची हौस होती आणि तिलाही गिऱ्हाईक आहे.

मात्र मावशींच्या चित्रात हातात दिवा धरलेली, बोटांमधून लाल उजेड झिरपणारी बाई असेल, तर ते रविवर्म्यांचं नाहीच. मूळ चित्र आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी. अर्धा भारत ते रविवर्म्यांच्या नावावर खपवतो. माझ्या दुकानात महिन्याला एक तरी येतंच.

आणि समजा खरंखुरं रविवर्मा तैलचित्र निघालं, तर ते देशाबाहेर नेता येत नाही. १९७२च्या कायद्याखाली रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तिघे टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ), शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची चित्रं राष्ट्रीय ठेवा मानली जातात. देशात विकता येतात. मावसभाऊ अमेरिकेत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

व्यवहाराचं थोडक्यात. गॅलरीकडून पक्कं बिल घ्या. त्यावर चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार, सही कुठे आहे हे सगळं हवं, आणि पुढे खोटं ठरलं तर पैसे परत, हे लेखी हवं. नुसतं "वन पेंटिंग" असं बिल मी बघितलंय. सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे "बिल नको, टॅक्स वाचेल" या आमिषात आता तसाही दम राहिला नाही. रोखीने तर अजिबात देऊ नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं घेणाऱ्याला कायद्याने बंद आहे, आणि त्याहून कमी असलं तरी उद्या भांडायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

राहिले काका. ओळख जपायची आहे, तोंडावर संशय घ्यायचा नाही, हे मला कळतं. त्यांना एवढंच म्हणा: "फ्रेम जुनी झालीय, आमच्या फ्रेमवाल्याकडे नेऊन मागचं बॅकिंग उघडून घेतो, तुम्हीही चला." माणूस निर्धास्त असेल तर येईल, कदाचित त्यालाही कुतूहल असेल. आत एखादं लेबल, जुनं वर्तमानपत्र, कुणाची चिठ्ठी निघाली तर पुढे शोध घ्यायला धागा मिळेल. आणि "नको नको, उघडू नका, किंमत जाते" असं म्हणाले, तर चहा घ्या, नातवंडांची चौकशी करा आणि घरी या.